कन्सोल आहे, पण जोड कुठंय?

नवा फायटिंग गेम येतोय म्हटलं की अंगठे शिवशिवायला लागतात आणि हात पाकिटाकडे जातो. थांबा! साठ हजार उडवण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. जुन्नर-आंबेगावच्या आखाड्यांत तो पिढ्यान् पिढ्या विचारला जातोय.

शुक्रवारी संध्याकाळी नाशिक फाट्यावर पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. हिंजवडी, बाणेर, भोसरीहून सुटलेली जनता मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नरची गाडी पकडायला धावत असते. प्रत्येकाच्या पाठीला सॅक. बहुतेकांची सॅक गाडीत शिरल्या शिरल्या सीटखाली जाते. एखादा महाभाग मात्र ती मांडीवर घेतो आणि चाकणचं ट्रॅफिक संपेपर्यंत दोन्ही हातांनी घट्ट धरून बसतो. ओळखायचं, आत प्लेस्टेशन आहे!

आता २०२० साली आलेलं पहिलं प्लेस्टेशन ५ म्हणजे काही खिशात मावणारी वस्तू नव्हे. ३९ सेंटिमीटर उंच, साडेचार किलो वजनाचं धूड ते. पुण्यातल्या फ्लॅटवर फायबरचं कनेक्शन आहे, मोठा टीव्ही आहे, रात्री बारालाही बिर्याणी दारात येते. मग हे ओझं गावाला कशाला? कारण फ्लॅटवर सगळं आहे, फक्त शेजारी बसून खेळणारा माणूस नाही. एका रूममेटची नाइट शिफ्ट, दुसऱ्याचा फोन संपत नाही. गावाकडे चुलतभाऊ आहे, शाळेतला बेंच पार्टनर आहे आणि 'मला पण दे की रे दादा' म्हणून जीव खाणारी धाकटी बहीण आहे.

क्रिकेटचा गेम एकट्याने खेळता येतो. गाड्यांची रेस येते, गोष्टीवाला गेम तर एकट्यानेच खेळावा. फायटिंग गेमचं तसं नाही. कॉम्प्युटरला हरवून मिळणारा आनंद म्हणजे भिंतीवर बॉल मारून सेंच्युरी केल्यासारखा. इथे समोर माणूसच हवा, तोही साधारण आपल्याच ताकदीचा. कुस्तीच्या भाषेत सांगायचं तर जोड लागते, जोड!

नव्या पैलवानाची चर्चा

आम्हा फायटिंगवाल्यांच्या गप्पांत सध्या एकच नाव आहे. 'मार्व्हल तोकॉन: फायटिंग सोल्स'. सोनीने जून २०२५ मध्ये याची घोषणा केली, प्लेस्टेशन ५ आणि पीसीसाठी, आणि साल सांगितलं २०२६. 'तोकॉन' हा जपानी शब्द. अर्थ लढण्याची जिद्द. आपल्याकडे पैलवानाच्या अंगात 'रग' असते म्हणतात ना, त्याच्या जवळपास जाणारा.

गेम बनवणारी कंपनी आहे जपानची आर्क सिस्टीम वर्क्स. 'गिल्टी गिअर' त्यांचाच, २०१८ चा 'ड्रॅगन बॉल फायटरझेड'ही त्यांचाच. यांची खासियत म्हणजे आकृत्या थ्रीडी असतात, पण पडद्यावर दिसतं हाताने काढलेलं जपानी कार्टून. कुठेही पॉज करा, पोस्टर तयार! त्यात आता कॅप्टन अमेरिका, आयर्न मॅन, स्पायडर-मॅन, स्टॉर्म, डॉक्टर डूम अशी मंडळी. प्रत्येक खेळाडूची चौघांची टीम. चौघं एकदम मैदानात उतरत नाहीत, मॅच पुढे सरकते तशी टीम वाढत जाते.

बघायला सॉलिड आहे, वादच नाही. पण ट्रेलर पाहून माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो ग्राफिक्सचा नव्हता. चार कॅरेक्टर, त्यांचे डाव, कधी कोणाला आत बोलवायचं याचं टायमिंग. हे सगळं मी महिनाभर बसून शिकेन हो, पण शनिवारी रात्री माझ्यासमोर बसणार कोण? जो दोन महिन्यांतून एकदा कंट्रोलर हातात धरतो, त्याला पहिल्याच मॅचमध्ये दहा सेकंदांत लोळवलं, तर तो दुसरी मॅच खेळेल का?

गेम बनवणाऱ्यांनाही हा प्रश्न पडतोच. २०२३ च्या 'स्ट्रीट फायटर ६' मध्ये त्यांनी 'मॉडर्न' नावाची कंट्रोल पद्धत दिली. पूर्वी ज्या डावासाठी अंगठा अर्धगोल फिरवून बटण दाबावं लागायचं, तो एका बटणावर आला. जुन्या खेळाडूंनी नाकं मुरडली. पण याच पद्धतीमुळे घरातलं नवखं माणूस अर्ध्या तासात मॅचला उभं राहतं. नव्या गेमकडून माझी पहिली अपेक्षा तीच आहे. मला भारी वाटण्याआधी तो माझ्या बहिणीला जमला पाहिजे.

मुस्तफा, एडी आणि एक रुपया

जरा मागे जाऊ. १९९१ साली जपानच्या कॅपकॉमने 'स्ट्रीट फायटर टू' काढला आणि दोन माणसांनी एका मशीनसमोर उभं राहून भांडायची पद्धत जगभर पसरली. एकामागोमाग एक फटके जोडायचा 'कॉम्बो' हा प्रकार मुळात त्यात ठरवून घातलेला नव्हता. बनवताना राहून गेलेली ती एक फट होती, पण खेळणाऱ्यांना आवडली म्हणून कायमची झाली! आपला भारतीय प्रतिनिधी ढालसीम याच गेममधला. गळ्यात कवट्यांची माळ, रबरासारखे लांब होणारे हात, तोंडातून ज्वाळा. भारतीय माणूस म्हणजे योगी नाहीतर गारुडी, ही परदेशी समजूत तिथेही सुटली नाही. तरीही पार्लरमध्ये आपली पोरं त्यालाच घ्यायची, घरचा माणूस म्हणून.

पार्लरमधली दुसरी दोन नावं म्हणजे 'किंग ऑफ फायटर्स ९७' आणि 'मुस्तफा'. मुस्तफाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', साल १९९३. पण आपल्याकडे ते नाव कोण घेतंय? पिवळ्या टोपीवाला मुस्तफा सगळ्यांचा फेव्हरिट, म्हणून गेमचंच नाव मुस्तफा. रुपयाचं नाणं टाकायचं आणि मागे उभं राहून 'अरे उडी मार, उडी मार' करणाऱ्यांचे सल्ले ऐकत खेळायचं.

मग टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम आला, त्यानंतर प्लेस्टेशन २. २००० साली जपानमध्ये निघालेला हा कन्सोल जगात सोळा कोटींच्या घरात खपला. माझ्या वयाच्या पोरांनी फायटिंग शिकली ती त्यावरच्या 'टेक्कन ५' वर आणि 'स्मॅकडाउन' वर. एका गल्लीत एक प्लेस्टेशन, बाकीची गल्ली त्या घरात. जो हरेल तो कंट्रोलर देईल, हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, पण सगळीकडे पाळला जायचा. आणि एडी गोर्डोला घेऊन नुसती बटणं बडवणारा एक भिडू प्रत्येक गल्लीत असायचाच. जिंकायचाही लेकाचा!

तेव्हा जोड शोधावी लागत नव्हती. कन्सोल एक आणि खेळणारे दहा. आता कन्सोल प्रत्येकाकडे आणि शेजारची खुर्ची रिकामी.

सोळा मिलिसेकंदांचा खेळ

तुम्ही म्हणाल, त्यात काय? ऑनलाइन खेळा! जगभरातले भिडू आहेत. बरोबर आहे. पण फायटिंग गेम हा इंटरनेटशी सगळ्यात जास्त भांडणारा प्रकार आहे. हा गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. 'स्ट्रीट फायटर ६' मधला सगळ्यात चपळ ठोसा चौथ्या फ्रेमला लागतो. समोरचा भिडू सिंगापुरात असेल तर सिग्नल जाऊन यायला साठ-सत्तर मिलिसेकंद सहज लागतात. म्हणजे तुम्हाला ठोसा दिसेपर्यंत तो लागलेला असतो.

यावर 'रोलबॅक' नावाची युक्ती आहे. समोरच्याचं बटण पोचायची वाट न बघता गेम अंदाज बांधतो आणि पुढे जातो. अंदाज चुकला तर क्षणात मागे येऊन चित्र दुरुस्त करतो. आर्क सिस्टीमने २०२१ च्या 'गिल्टी गिअर स्ट्राइव्ह' मध्ये ही युक्ती वापरली आणि ऑनलाइन मॅच पुष्कळ सुधारल्या. पण रोलबॅकलाही नेट एकसारखं लागतं. मध्येच वेगात, मध्येच बंद असं असेल तर पडद्यावरचे पैलवान उड्या मारण्याऐवजी गायब व्हायला लागतात.

आणि इथे येतो आपला भाग. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. परिसरात रेडिओ लहरींचा गोंगाट कमी, हे ती जागा निवडण्याचं एक मोठं कारण. तिथे लाखो-कोटी वर्षांपूर्वी निघालेले सिग्नल व्यवस्थित पकडले जातात. आणि चार किलोमीटरवरच्या मळ्यात आमचा ठोसा सिंगापूरला पोचत नाही! केबलवाल्यांनी आता पुष्कळ गावांत फायबर नेलंय, गावठाणात काम भागतं. पण मळ्यातल्या वस्तीवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर फायटिंग गेम? विसरा.

मग उरतो जुना मार्ग. दोन कंट्रोलर, एक टीव्ही. इथे पिंग शून्य! पण त्यालाही स्थानिक अडचण आहे आणि ती चार पायांची आहे. जुन्नर, आंबेगावच्या उसात बिबट्या आहे हे काही नवीन नाही. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. अंधार पडल्यावर एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर पायी किंवा बाइकने जाणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यामुळे इथे मॅच लावायची रीतच वेगळी. दिवस मावळायच्या आत यायचं, नाहीतर सरळ मुक्कामाला यायचं. पुण्यात 'एक मॅच खेळून निघतो' म्हणतात. वस्तीवर खेळायला आलेला जेवतो, झोपतो आणि सकाळी चहा घेऊनच निघतो. खरं सांगू? फायटिंग गेमला याहून चांगला माहोल नाही. हरलेल्याला पळून जायला जागाच नसते!

लाहोरचा धडा

गावात बसून, चांगलं नेट नसताना कोणी मोठा खेळाडू होतो का? होतो. २०१९ च्या फेब्रुवारीत जपानमधल्या 'एव्हो' स्पर्धेत लाहोरचा एक पोरगा 'टेक्कन ७' जिंकला. नाव अर्सलान अ‍ॅश. तोपर्यंत टेक्कन म्हणजे कोरिया आणि जपान, असंच सगळे धरून चालले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास वेगासची मुख्य एव्होही त्यानेच मारली. तिथे त्याने कोरियाच्या नामवंत 'नी' ला हरवलं. आणि तो सांगत होता की पाकिस्तानात त्याच्या तोडीचे आणखी खेळाडू आहेत. लोकांना ती फेकाफेकी वाटली. मग नी स्वतः पाकिस्तानात खेळायला गेला आणि तिथल्या पोरांनी त्याला चांगलंच घामाघूम केलं. अर्सलानने पुढे २०२३, २०२४ आणि २०२५ मध्येही लास वेगासची एव्हो जिंकली. २०२५ ची तर फायनलच दोन पाकिस्तानी खेळाडूंमध्ये झाली.

हे कशातून आलं? महागड्या ट्रेनिंग सेंटरमधून नाही, तर गेमच्या दुकानांत शेजारी शेजारी बसून रोज खेळण्यातून. परदेशी खेळाडू भेटत नव्हते, नेट साथ देत नव्हतं. त्यामुळे एकमेकांशीच भिडत राहिले आणि एकमेकांना धार लावत राहिले. चांगली जोड मिळाली की जगाच्या कोपऱ्यातसुद्धा जगज्जेता घडतो, याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

रेवड्यांपासून सुरुवात

आपल्या भागात ही गोष्ट नव्याने सांगायची गरजच नाही. चैत्र-वैशाखात जत्रांचा सीझन. तमाशाच्या बुकिंगसाठी नारायणगावात राहुट्या लागतात आणि गावोगाव कुस्त्यांचे आखाडे भरतात. हलगी कडाडते, लाल मातीत पोरं उतरतात. पहिल्या कुस्त्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या, रेवड्यांवरच्या. मग बक्षिसाची रक्कम वाढत जाते आणि शेवटची मोठी कुस्ती.

या सगळ्यात सगळ्यात अवघड काम कोणाचं? पंचांचं. जोड लावण्याचं. उंची बघायची, वजन बघायचं, तालीम कोणती ते विचारायचं. चुकीची जोड लावली तर कुस्ती अर्ध्या मिनिटात संपते आणि पब्लिक शिट्ट्या मारतं. बरोबर लागली तर दहा मिनिटं डावाला प्रतिडाव, ढाकेला उत्तर, घिश्श्याला उत्तर. हरलेलाही फेटा बांधून घेतो आणि जिंकलेल्याच्या गळ्यात पडतो.

ऑनलाइन गेममध्ये हेच काम कॉम्प्युटर करतो. आकडे बघून भिडू शोधून देतो. जोड बरोबर असते, पण मॅच संपली की नाव गायब. तो कोण, कुठला, पुढच्या शनिवारी भेटेल का, काही नाही. मातीत खेळलेल्या माणसाला यात कमी काय आहे ते लगेच कळतं.

पप्पांना काय सांगायचं?

आता मुद्द्याचं. पैसे! भारतात प्लेस्टेशन ५ आला फेब्रुवारी २०२१ मध्ये, डिस्कवाला ४९,९९० रुपयांना. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो ५४,९९० झाला. दुसरा कंट्रोलर सुरुवातीच्या किमतीने ५,९९०. मोठा नवा गेम ४,९९९ पर्यंत. बेरीज ६५,९७९ रुपये.

पगारदाराला हा आकडा ईएमआयमध्ये दिसतो. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला माल घालणाऱ्या घरात तो क्रेटमध्ये दिसतो. जुलै २०२३ मध्ये २० किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव निघाला होता. त्या भावाने हिशोब केला तर तेहतीस क्रेटमध्ये काम होतं. पण भाव पडून क्रेट शंभर रुपयांवर आला की तेच मशीन साडेसहाशे क्रेटचं होतं! शेतावर राबणाऱ्या माणसाला 'गेमसाठी पासष्ट हजार' हे वाक्य कसं ऐकू येत असेल, याचा विचार करूनच तोंड उघडावं.

दुसरी भीती जास्त खोल आहे. 'ऑनलाइन गेम' म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे रमी येते आणि जमीन विकायला निघालेली पोरं येतात. ही भीती खोटी नाही. म्हणूनच ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता मिळाली. फायटिंग गेम या दुसऱ्या रांगेत. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये 'स्ट्रीट फायटर ५' ला चक्क मेडल होतं आणि आपले खेळाडू त्यात उतरले होते. २०२६ च्या आइची-नागोया एशियाडच्या यादीतही फायटिंग गेम आहेत. पप्पांना हे शांतपणे सांगा. त्याहून बरं, त्यांच्या हातात दुसरा कंट्रोलर द्या. ज्यांनी आयुष्यभर आखाडे बघितलेत त्यांना कुठला डाव कधी टाकायचा हे तुमच्याआधी कळतं!

गावाला कन्सोल नेताय?

• गेम आणि त्याचे अपडेट पुण्यातच डाउनलोड करून निघा. गावाच्या नेटवर शनिवारची रात्र टक्केवारी बघण्यात जाईल.

• डिजिटल गेम असतील तर सेटिंगमध्ये 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' चालू आहे ना बघा. नेट नसतानाही गेम उघडेल.

• एकाच टीव्हीवर दोघांनी खेळायला प्लेस्टेशन प्लसची वर्गणी लागत नाही.

• घरच्या इन्व्हर्टरवर यूपीएस मोड असेल तर तो लावा. नाहीतर लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू होईपर्यंत कन्सोल बंद पडू शकतो.

• टीव्हीचा 'गेम मोड' चालू करा. बटण दाबल्यावर हात हलायला लागणारा उशीर कमी होतो.

• कन्सोल टीव्हीच्या बंद कपाटात कोंबू नका. मळ्यात धूळ भरपूर, त्याला हवा लागते.

• ऑनलाइनच खेळायचं असेल तर वायफाय सोडा, राऊटरपासून केबल ओढा.

मग घ्यायचा की नाही?

माझं मत विचाराल तर असं आहे. एकट्याने खेळायला फायटिंग गेम घेऊ नका, मग तो कितीही देखणा असो. आठवडाभर ट्रेलरमधलं सगळं बघून होईल, मग ऑनलाइन आठ-दहा मॅच हराल आणि गेम कपाटात जाईल. पण तुमच्यासमोर बसायला एक जरी माणूस असेल, साधारण तुमच्याच तयारीचा, हरला तरी परत येणारा, तर 'तोकॉन' च काय, वीस वर्षं जुना 'टेक्कन ५' सुद्धा पैसा वसूल आहे. नवा कन्सोल परवडत नसेल तर मित्राचा जुना चालेल. चार जणांनी मिळून घेतला तरी चालेल, गावात ट्रॅक्टर नाही का घेत तसा!

तेव्हा रिलीजच्या तारखेला रिमाइंडर लावायचाय ना, लावा. पण त्याआधी एक फोन करा. शाळेतल्या त्या भिडूला, जो एडी घेऊन नुसती बटणं बडवायचा आणि तरी जिंकायचा. या शनिवारी मोकळा आहे का विचारा. आणि हो, दिवस मावळायच्या आत ये म्हणावं.